रोजनिशीत नसलेला प्रसंग : लुक्रेशिया मॉट, १८४० – प्रकल्प नोंदी

४ मार्च

काम ठरलं. लुक्रेशिया मॉटची १८४० सालची रोजनिशी मराठी वाचकापुढे टिपांसह मांडायची. संपूर्ण भाषांतर करायचं नाही. तारीखवार सारांश, माणसांची सूची आणि अडेल तिथे टीप, एवढंच. फिलाडेल्फियाची ही क्वेकर (साधेपणा पाळणारा एक ख्रिस्ती पंथ) बाई नवऱ्याबरोबर लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेला रीतसर प्रतिनिधी म्हणून गेली आणि तिथे तिला व तिच्या मैत्रिणींना सांगण्यात आलं, की बायका प्रतिनिधी म्हणून चालणार नाहीत. त्या प्रवासात तिने ठेवलेली ही रोजनिशी. मूळ हस्तलिखित स्वार्थमोर कॉलेजच्या फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररीत आहे. आम्ही वापरतोय ती फ्रेडरिक टॉल्स यांनी संपादित केलेली, १९५२ साली छापलेली आवृत्ती.

कामाला तिघं. मी, माझ्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई (निवृत्त, पण लाल पेन अजून निवृत्त झालेलं नाही) आणि स्प्रेडशीट व नकाशासाठी भाचा. तक्त्यात चार रकाने केलेत. पहिल्यात लुक्रेशियाची रोजनिशी. दुसऱ्यात तिचा नवरा जेम्स मॉट याचं प्रवासवर्णन, १८४१ साली छापलेलं. तिसऱ्यात पुढे स्त्रीहक्क चळवळीची पुढारी झालेल्या एलिझाबेथ केडी स्टँटनच्या आठवणी, त्या खूप नंतरच्या. चौथ्यात परिषदेचं चित्र काढणाऱ्या हेडनची रोजनिशी. एकाच दिवसाबद्दल कोण काय लिहितं ते शेजारी शेजारी दिसेल. बाईंची अट एकच: "रिकामा रकाना रिकामाच राहू दे. दुसऱ्या रकान्यातलं उचलून त्यात भरायचं नाही."

९ मार्च

प्रस्तावनेसाठी चरित्राचा मजकूर. एका पानात बसवायचा आहे.

जन्म ३ जानेवारी १७९३, नँटकेट बेटावर. बाप जहाजाचा कप्तान. बेटावरचे पुरुष व्हेल माशांमागे वर्षानुवर्षं समुद्रावर, त्यामुळे दुकान, हिशेब, देणीघेणी बायकांच्या हातात. तिची आई दुकान चालवायची. पुढे नाइन पार्टनर्स या क्वेकर निवासी शाळेत शिकवताना तिला कळलं, की शिक्षिकांना शिक्षकांच्या निम्माच पगार मिळतो. आणि मुलींची फी मात्र मुलांइतकीच. हे दोन तपशील ठेवतेय. पुढचं सगळं समजायला ते पुरेसे आहेत.

१८११ साली जेम्सशी लग्न. १८२१ साली क्वेकरांनी तिला 'मिनिस्टर' म्हणून मान्यता दिली. तेव्हा क्वेकरांमध्ये पगारी पुरोहित नसे. सगळे गप्प बसत, ज्याला आतून स्फुरेल तो उठून बोले, मग ती बाई का असेना. शिवाय बायकांच्या बैठका वेगळ्या भरत, त्यांची चिटणीस बाई आणि इतिवृत्तही त्यांचंच. सभा कशी चालवायची, ठराव कसा लिहायचा हे क्वेकर बायकांना लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असे. त्या काळी इतर पंथांतल्या बहुतेक बायकांना हे शिकायला जागाच नव्हती.

डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फियात बायकांची गुलामगिरीविरोधी संस्था निघाली, लुक्रेशिया संस्थापकांपैकी. मे १८३८ मध्ये चळवळीने बांधलेला पेन्सिल्व्हेनिया हॉल उघडल्यापासून चौथ्याच दिवशी जमावाने जाळला. जमाव पुढे मॉटांच्या घराकडेही निघाला होता, पण एका ओळखीच्याने त्यांना भलत्याच रस्त्याला लावून दिलं. म्हणजे लंडनला निघालेली ही बाई ४७ वर्षांची होती आणि अशा प्रसंगांना सरावलेली होती. 'लंडनच्या अपमानाने तिचे डोळे उघडले' असं वाक्य आमच्या मजकुरात येणार नाही.

१५ मार्च

तारखा. त्या काळचे क्वेकर लोक महिन्यांना आणि वारांना आकड्यांनीच ओळखत, कारण रूढ नावं रोमन आणि जर्मन देवदेवतांवरून पडलेली. रविवार पहिला दिवस, शनिवार सातवा. जून सहावा महिना. परिषद सुरू झाली १२ जून १८४० रोजी आणि त्या दिवशी होता शुक्रवार. म्हणजे सहाव्या महिन्यातला 'सहावा दिवस', पण तारीख बारा! भाच्याने तक्ता लावताना विचारलं, "मावशी, हे ६-६ म्हणजे सहा जून ना?" सहा जूनला शनिवार होता, म्हणजे सातवा दिवस. तक्त्यात आता वार आणि तारीख यांना स्वतंत्र रकाने दिले आहेत आणि प्रत्येक नोंद १८४० च्या कॅलेंडरशी ताडून पाहायची असं ठरलंय.

२२ मार्च

प्रवासाचा भाग झाला. ७ मे रोजी न्यूयॉर्कहून 'रॉस्को' जहाज, महिनाअखेरीस लिव्हरपूल, जूनच्या पहिल्या आठवड्यात लंडन. बरोबर सारा प्यू, अ‍ॅबी किंबर, एलिझाबेथ नील, मेरी ग्रू आणि मेरीचे वडील रेव्हरंड हेन्री ग्रू.

एक गोष्ट टिपेत घ्यायची. हे लोक समुद्रावर असतानाच, १२ मेला, न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्था फुटली. अ‍ॅबी केली या बाईला कामकाज समितीवर घेतल्याचं निमित्त झालं. विरोधक उठून गेले, त्यांनी वेगळी चूल मांडली. राहिलेल्यांनी लुक्रेशियाला कार्यकारिणीवर निवडलं. तार नव्हती, त्यामुळे बोटीवर कुणालाच पत्ता नाही. लंडनला पोचेपर्यंत भांडण त्यांच्या आधीच तिथे जाऊन बसल्यासारखं झालं, कारण परिषद भरवणाऱ्या इंग्लंडच्या समितीचा कल दुसऱ्या गटाकडे होता.

रोजनिशीची शैली कळायला लागली. तुटक वाक्यं, आद्याक्षरं, रेघा. कोण भेटलं, कोण जेवायला होतं, कोण काय बोललं. भावनांचा पसारा नाही. बाई म्हणाल्या, "अगं, ही कामाची वही आहे. आपल्याकडे नाही का, संस्थेच्या सेक्रेटरीबाई लिहायच्या तशी."

३० मार्च

१२ जून. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता.

स्थळ : ग्रेट क्वीन स्ट्रीटवरचा फ्रीमेसन्स हॉल. अध्यक्षस्थानी थॉमस क्लार्कसन, वय ८०, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पन्नासहून अधिक वर्षं झगडलेला म्हातारा. बॉस्टनच्या वेंडेल फिलिप्सने ठराव मांडला: कोणत्याही गुलामगिरीविरोधी संस्थेचं प्रतिनिधिपत्र ज्याच्याकडे आहे, त्या प्रत्येकाचं नाव यादीत घाला. ठरावात 'स्त्री' हा शब्दच नाही. प्रश्न होता कागदपत्रांचा. आमच्या संस्थेने पत्र दिलंय, ते तुम्ही मानता की नाही?

दिवसाचा बराचसा वेळ यावर वाद. इंग्लंडची तशी रीत नाही, लोक हसतील, मूळ प्रश्न बाजूला पडेल. पाद्री मंडळी देवाच्या योजनेपर्यंत पोचली. रेव्हरंड इबन गलुशा यांचा युक्तिवाद तर कापून ठेवण्यासारखा. महिन्याच्या सुरुवातीला लंडनमध्ये अशाच एका सभेच्या अध्यक्षस्थानी राणी व्हिक्टोरियाने स्वतः न बसता नवरा प्रिन्स अल्बर्टला बसू दिलं होतं. अमेरिकन भगिनींनी तिचा कित्ता गिरवावा! राज्यावर बाई बसलेली चालते, पण सभेतल्या बाकावर नाही.

आणि हेन्री ग्रू. पोरीबरोबर एकाच बोटीतून आलेला बाप. मेरी प्रतिनिधी म्हणून आली होती आणि हे गृहस्थ सभेत उठून बायकांना प्रवेश देण्याविरुद्ध बोलले. रात्री मुक्कामावर बापलेक एकमेकांशी काय बोलले असतील ते चारही रकान्यांत नाही. भाचा म्हणाला, "इथे एखादं वाक्य टाक ना, मावशी." नाही.

ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. बायकांनी बाजूला, आडकाठीच्या पलीकडे बसून ऐकायचं. याआधीच सारा प्यूने पेन्सिल्व्हेनियाच्या बायकांच्या वतीने लेखी निषेध तयार केला होता. म्हणजे त्या सभागृहात गेल्या तेव्हा काय होणार याची त्यांना कल्पना होती.

या सगळ्यावर लुक्रेशियाची नोंद संयमी, पण टोकदार. 'जागतिक परिषद' हे नाव तिला मान्यच नाही. ही तर ब्रिटिश संस्थेची बैठक, त्यांना हवे ते पाहुणे बोलावून भरवलेली, अशा अर्थाचा टोला ती मारते आणि पुढच्या कामाला लागते.

अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी चळवळीचा पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन काही दिवस उशिरा पोचला. बायकांचं झालेलं कळताच तो सभागृहात बसायला तयार होईना. वर गॅलरीत जाऊन बसला. सोबत चार्ल्स लेनॉक्स रेमंड, काळा वक्ता, ज्याच्या प्रवासाला बायकांच्या छोट्या छोट्या संस्थांनी पैसे उभे केले होते. ज्यांच्या पैशावर आलो त्यांना दारात अडवलं असताना आपण आत कसं बसायचं, असा त्याचा सरळ हिशेब. लंडनमधला मला सगळ्यांत आवडलेला माणूस हाच.

६ एप्रिल

आज दुसरी बाजू. बायकांना का अडवलं याचं उत्तर 'बायका म्हणून' एवढंच दिलं तर ते अर्धवट ठरेल.

१८२७ मध्ये अमेरिकन क्वेकरांत फूट पडली. एका बाजूला एलायस हिक्सचे अनुयायी: आतला प्रकाश हाच प्रमाण, बायबलचं अक्षर नंतर. दुसऱ्या बाजूला सनातनी. मॉट जोडपं हिक्साइट. लंडनची वार्षिक सभा (तिथल्या क्वेकरांची सर्वोच्च संस्था) सनातन्यांनाच खरे क्वेकर मानायची आणि परिषदेच्या आयोजकांत क्वेकरांचा भरणा. त्यांच्या लेखी लुक्रेशिया बाई होतीच, वर पाखंडीही होती. लेखक विल्यम हॉविट यांनी तिला पत्र लिहून हेच सांगितलं, की तुम्हाला खरं तर धर्ममतापायी वगळलं. डॅनियल ओ'कॉनेलचं २० जूनचं पत्रही याच सुमाराचं. आयर्लंडचा हा पुढारी कबूल करतो, की बायकांना घेऊ नये असं आपल्यालाही आधी वाटलं होतं, पण विचार केल्यावर कळलं की ती हसं होण्याची भीती होती आणि तिला काही किंमत नाही.

तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय लुक्रेशियाला टाळत राहिली, असं स्टँटनच्या आठवणींत आहे. पहिल्या रकान्यात त्यातलं किती येतं हे पाहून टीप बेताची ठेवलीय. ग्लासगोचा प्रसंग मात्र पक्का. तिथल्या युनिटेरियन (ख्रिस्ताला देव न मानणाऱ्या पंथाच्या) चॅपेलमध्ये लुक्रेशिया बोलली आणि स्थानिक क्वेकरांनी वर्तमानपत्रात पत्र छापून जाहीर केलं, की या बाईशी आमचा संबंध नाही.

बाईंनी यावर समासात लिहिलंय : "पंथ एक, पंगती दोन." मथळ्याला घेतेय.

८ एप्रिल

सूचीत फक्त आद्याक्षरं असलेली नावं लावली. कंटाळवाणं काम, पण झालं.

११ एप्रिल

आज जोतिबांची जयंती. बाई सकाळी फुले वाड्यावर जाऊन आल्या आणि फोनवर म्हणाल्या, "'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका टिपेत घे." घ्यायलाच हवी. १८७३ सालच्या त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ बुद्धीबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता घ्यावा या इच्छेने. लुक्रेशिया तेव्हा ८० वर्षांची, हयात. ती गेली ११ नोव्हेंबर १८८० रोजी. तिला हे पुस्तक माहीत असण्याचं काही कारण नाही आणि तसं सुचवायचंही नाही. पण मराठी वाचकाला सांगायचं ते हे, की ज्यांना ती अर्पणपत्रिका वाहिली आहे, त्या लोकांत ही बाई येते.

भाच्याने आणखी एक जोड सुचवली. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सची स्त्रीहक्क सभा १८४८ ची, पुण्यातली मुलींची शाळाही १८४८ ची. बाईंनी तत्काळ उडवलं. "साल जुळलं म्हणजे संबंध जुळला का रे? काढ ते." काढलं.

१४ एप्रिल

हिंदुस्थानचा खरा धागा सापडला, तोही सूचीतून. दोन जवळपास सारखी नावं: विल्यम अ‍ॅडम आणि विल्यम अ‍ॅडम्स. दुसरा र्‍होड आयलंडचा, गॅरिसनबरोबर उशिरा आलेला. पहिला तो, ज्याने १२ जूनला फिलिप्सच्या ठरावाला अनुमोदन दिलं. तक्त्यात दोघे एकत्र झाले तर अनुमोदन देणारा माणूस ठराव फेटाळल्यावर काही दिवसांनी इंग्लंडात उतरतोय असं दिसेल.

आणि हा अनुमोदक कोण? स्कॉटलंडचा बाप्टिस्ट मिशनरी, १८१८ मध्ये बंगालात आलेला. राममोहन रॉय यांच्याबरोबर बायबलच्या बंगाली भाषांतराचं काम करता करता १८२१ मध्ये त्याचं मतच पालटलं, त्रैक्य सोडून तो युनिटेरियन झाला. राममोहनना ख्रिस्ती करायला गेलेला माणूस स्वतःच बदलून आला, म्हणून कलकत्त्यात त्याला 'दुसरा पतित अ‍ॅडम' म्हणत. बंगालमधल्या गावशाळांवरचे १८३५ ते १८३८ चे प्रसिद्ध अहवाल त्याचेच. पुढे हार्वर्डला प्राध्यापक आणि तिथून मॅसॅच्युसेट्सचा प्रतिनिधी म्हणून लंडनला.

याच परिषदेपुढे अ‍ॅडमने हिंदुस्थानातल्या गुलामीचा विषय ठेवला. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने उठली असं आपण शाळेत शिकतो. पण त्याच कायद्याने कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना वगळले होते. हिंदुस्थानात कायदा आला तो १८४३ मध्ये, आणि त्यानेही गुलामीला कोर्टात आधार मिळू नये एवढीच तजवीज केली.

यात कापूसही येतो. जेम्स मॉटचा धंदा कापसाचा होता. तो कापूस गुलामांनी वेचलेला म्हणून त्याने भरात असलेला व्यापार सोडला आणि लोकरीत गेला. लुक्रेशियाच्या घरात गुलामांनी पिकवलेली साखर चालत नसे. त्या मंडळींपैकी इंग्लंडमधल्या काहींना वाटत होतं, की हिंदुस्थानातला कापूस आणला तर अमेरिकेच्या मळेवाल्यांची कंबर मोडेल. १८३९ ची ब्रिटिश इंडिया सोसायटी यातूनच निघाली. डार्लिंग्टनचे क्वेकर जोसेफ पीझ त्यात पुढे होते आणि लंडनमध्ये लुक्रेशियाच्या नित्य गाठीभेटीतली एलिझाबेथ पीझ ही त्यांची मुलगी. हेतू चांगला. पण इथला शेतकरी कोणत्या अवस्थेत तो कापूस काढतो, सारा कसा भरतो, हा प्रश्न त्या हिशेबात दुय्यमच. अ‍ॅडमने निदान 'हिंदुस्थानातले हात मोकळे आहेत' हे गृहीत तरी मोडून काढलं. वऱ्हाडात सासर असल्यामुळे या टिपेला मी जरा जास्त जागा दिलीय, हे उघड आहे. बाईंनी कापली नाही.

२० एप्रिल

चौथा रकाना. बेंजामिन हेडनला परिषदेचं भव्य चित्र काढायचं काम मिळालं होतं. चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, सुमारे तीन मीटर उंच आणि पावणेचार मीटरहून जास्त रुंद, डोक्यांनी खच्चून भरलेलं. आधी लुक्रेशियाला ठळक जागा द्यायचा त्याचा बेत होता. तिचं रेखाटन करताना गप्पा झाल्या, तिची धर्ममतं कळली आणि त्याने बेत बदलला. संकुचित म्हणा नाहीतर काही म्हणा, ती जागा ख्रिस्ताचं देवत्व मानणाऱ्या एखाद्या सुंदर बाईसाठी राखून ठेवीन, असं त्याने स्वतःच्याच रोजनिशीत लिहून ठेवलंय. चित्रात लुक्रेशिया शोधायला भाच्याला फोटो बराच मोठा करावा लागला. मागे, उजवीकडे, टिकलीएवढी.

हाच हेडन दुसऱ्या बाबतीत सरळ. जमैकाचा मुक्त झालेला हेन्री बेकफर्ड याला त्याने अगदी पुढे बसवलं. आणि चित्रासाठी बसायला येणाऱ्यांना तो मुद्दाम विचारायचा, काळ्या माणसाशेजारी तुमचं चित्र काढलं तर चालेल ना? कोण कचरतं ते टिपून ठेवायचा. गॅरिसन लगेच तयार झाला, काही बडी मंडळी चाचरली.

२८ एप्रिल

आता तो प्रसंग, ज्यासाठी बहुतेक लोक या रोजनिशीकडे येतात. २४ वर्षांची एलिझाबेथ केडी स्टँटन, महिन्यापूर्वी लग्न होऊन नवऱ्याबरोबर आलेली, लुक्रेशियाच्याच मुक्कामाच्या घरात उतरलेली. दोघी हातात हात घालून लंडनच्या रस्त्याने परतताहेत आणि ठरवताहेत: मायदेशी गेल्यावर स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा भरवायची. तिथून सरळ रेघ १९ जुलै १८४८, सेनेका फॉल्स.

तिसऱ्या रकान्यात हे सगळं आहे, रंगवून. पहिल्या रकान्यात त्याचा मागमूस नाही. स्टँटन ही तरुणी आम्हाला दिवसेंदिवस आवडू लागलीय, अशा अर्थाची प्रेमळ नोंद आहे, बस. सभा नाही, शपथ नाही. उलट १८५५ सालच्या एका पत्रात लुक्रेशिया स्टँटनलाच आठवण करून देते, की सभेची कल्पना तुझी, आणि ती तू काढलीस १८४१ मध्ये, आपण बॉस्टनच्या रस्त्यांवरून एकीचं घर शोधत हिंडत होतो तेव्हा.

स्टँटनने लंडनची गोष्ट लिहिली १८८१ मध्ये आणि पुन्हा १८९८ मध्ये. चळवळ चाळीस-पन्नास वर्षांची झालेली, तिला जन्मकथा हवी होती, आणि लंडनचा पडदा बॉस्टनच्या गल्लीपेक्षा केव्हाही देखणा. स्टँटनला खोटं पाडण्यात मला रस नाही. ज्या मुलीने ती गोष्ट पहिल्यांदा जगली तिला ते दिवस तसेच आठवले असतील. पण लुक्रेशियाच्या रोजनिशीवर हा प्रसंग लादल्यावर बाकीचं दिसेनासं होतं. तिला त्या उन्हाळ्यात गुलाम, साखर, कापूस, पंथातली फूट आणि रेमंडसारखी माणसं जास्त महत्त्वाची होती. बायकांचा प्रश्न तिच्यासाठी त्यातलाच एक होता, वेगळा काढलेला नव्हता.

बाई : "मग तसंच लिही. तक्त्यात तो रकाना कोरा दिसू दे आणि खाली टीप दे."

५ मे

उपसंहार अर्धा केला. राहिलं ते एवढं: सेनेका फॉल्सजवळच्या वॉटर्लू गावी जेन हंट हिच्या घरी ९ जुलै १८४८ ला पाच जणी चहाला जमल्या, स्टँटन सोडता साऱ्या क्वेकर वर्तुळातल्या. लुक्रेशियाची बहीण मार्था त्यांपैकीच. पंथाबाहेर लग्न केलं म्हणून क्वेकरांनी तिला कधीच काढून टाकलं होतं. सेनेका फॉल्सला सुमारे ३०० माणसं, जाहीरनाम्यावर १०० सह्या, ६८ बायकांच्या आणि ३२ पुरुषांच्या. गुलामीतून निसटलेला वक्ता फ्रेडरिक डग्लस त्यात.

आणि रॉचेस्टर, २ ऑगस्ट १८४८. तिथे सभेची अध्यक्ष म्हणून अ‍ॅबिगेल बुशचं नाव पुढे आलं, तर हरकत घेणाऱ्यांत लुक्रेशिया आणि स्टँटन दोघीही होत्या. बाई अध्यक्ष म्हणजे फारच झालं! सेनेका फॉल्सला खुर्चीवर जेम्स मॉट बसला होता. बुशबाईंनी सभा नीट चालवली आणि शेवटी लुक्रेशियाने तिला जवळ घेतलं म्हणतात. शेवटचं वाक्य ऐकीव म्हणून बाईंनी त्यावर लाल रेघ मारलीय. पण हरकतीचा भाग राहतोय, तो आमच्या नायिकेला गैरसोयीचा असला तरी.

१२ मे

मजकूर बाईंकडे शेवटच्या वाचनाला गेला. सूचीत आनंदीबाई जोशींची नोंद घातली, कारण फिलाडेल्फिया म्हटल्यावर मराठी वाचकाला त्याच आठवणार. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी देणारं बायकांचं वैद्यकीय कॉलेज १८५० मध्ये उभं राहिलं ते मुख्यतः तिथल्या क्वेकरांच्या बळावर आणि त्याची पहिली स्त्री डीन अ‍ॅन प्रेस्टन हीसुद्धा गुलामगिरीविरोधी चळवळीतली क्वेकर. आनंदीबाई १८८३ मध्ये पोचल्या, तेव्हा लुक्रेशियाला जाऊन तीन वर्षं झाली होती. भेट झाली नाही, हे टिपेत स्पष्ट लिहिलंय, नाहीतर कुणीतरी तीही घडवून आणेल.

बाकी कामं : नकाशावर ग्लासगो, एडिंबरो, डब्लिन आणि टाइनमाउथ (तिथे आजारी लेखिका हॅरिएट मार्टिनोला भेटायला गेली होती ती) हे टप्पे लावणे, हेडनच्या चित्राखालच्या ओळीत इंग्लिश क्वेकर कार्यकर्ती अ‍ॅन नाइटचं नाव घालणे, आणि अ‍ॅडम-अ‍ॅडम्सची सूची पुन्हा एकदा तपासणे. भाच्याची परीक्षा २० ला संपते, नकाशा त्यानंतर.